काचबाबांचा काळा पडदा

त्या दिवशी व्हॅन थांब्यावर एवढी गर्दी लोटली की माझ्या सीट कव्हरच्या दुकानात गिऱ्हाइकाला शिरायला वाट उरली नाही. तशी गिऱ्हाइकं नव्हतीच. सगळी काचबाबांभोवती माना उंचावून उभी होती. चेल्यांनी एका गाडीच्या पुढच्या काचेवर बाहेरून काळा पडदा टाकला होता, बाबा आत बसून दारं लावून पुटपुटत होते आणि गाडी हलत होती. बाबांचा घेर बघता ती हलणारच होती, पण लोकांना त्यातही शक्ती दिसत होती.

पडदा निघाला आणि काच लख्ख. मालकाने सकाळपासून घासघासून न हटलेलं दुधी धुकं कुठल्या कुठे गेलं होतं. टाळ्या पडल्या. एका चालकाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते बाबांच्या अत्तरामुळे.

बाबांचं म्हणणं सोपं होतं. गाडीवर कोणाची तरी नजर पडते आणि ती काचेला चिकटते. गाडी जितकी चांगली तितकी घट्ट चिकटते. आता आपली गाडी चांगली नाही असं कोण कबूल करेल? ज्याच्या काचेवर धुकं नव्हतं तोच बिचारा तोंड लपवून फिरू लागला. नजर उतरली की बाबा डॅशबोर्डला ‘रक्षातेल’ चोळत. काही दिवसांत काच पुन्हा धुरकट, पुन्हा बाबा. तिसऱ्यांदा धुकं आलं की गाडीच बाधलेली. ती सोडून द्यायची. कोणाकडे, तर बाबांच्या भाच्याकडे. त्याचं जुन्या गाड्यांचं दुकान होतं, आणि असल्या बाधलेल्या गाड्या मातीमोलाने पदरात घेण्याइतकं त्याचं मन मोठं होतं.

मी यावर पोट धरून हसत होतो, ते आत्यावर वेळ येईपर्यंत.

आत्या शाळेची व्हॅन चालवते. काका गेल्यापासून घर त्या व्हॅनवर चालतं, आणि मला तर तिनेच लहानाचं मोठं केलं. एका सकाळी समोरून ऊन आलं आणि तिची काच अख्खी पांढरी झाली. पुढचा सायकलवाला तिला दिसलाच नाही. ब्रेक लागला, पण उशिरा. पोरं एकमेकांवर पडून खिदळली, आत्या मात्र घरी येऊन चावी खुंटीला लावून बसली. नजर दोनदा उतरवून झाली होती. बाबांनी निकाल दिला: शनिवारी चावी भाच्याच्या हातात.

मी समजवायला गेलो तर म्हणाली, “तू सीटं शीव.”

शेवटी मी तिला डोळे तपासून घ्यायला तेवढं राजी केलं. डॉक्टरीणबाई काटकुळ्या, पण हसल्या की खालच्या मजल्यावर ऐकू जावं अशा. त्यांनी सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत, चष्म्याचा नंबरही तोच, आता काच दाखवा. तशाच पांढऱ्या कोटात खाली आल्या, व्हॅनमध्ये बसल्या आणि काचेवर आतून बोट फिरवलं. बोट गेलं तिथे स्वच्छ रेघ उमटली.

“ताई, आतून शेवटची कधी पुसलीत?”

“आतून कशाला? आत काय चिखल उडतो?”

आमच्या थांब्यावर सगळ्यांची हीच समजूत होती. बाहेरची काच रोज दोनदा धुवायची आणि आत डॅशबोर्ड तेलाने इतका चमकवायचा की त्यात भांग पाडता यावा. ज्याचा डॅशबोर्ड जास्त चमके त्याला रांगेत पहिली जागा मिळे. मग काय, तेलावर तेल चढत होतं, आणि काचेच्या आतल्या बाजूची कोणाला आठवणच नव्हती.

“चष्मासुद्धा एकाच बाजूने पुसता का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आत्याने चष्मा काढला, उलटसुलट करून पाहिला आणि पदराने दोन्ही बाजूंनी पुसला. मी बाबांची सगळी हकीकत सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, शनिवारपर्यंत व्हॅन उभीच ठेवा आणि काच अशीच राहू द्या.

शनिवारी अख्खा थांबा लोटला. भाचा चावीसाठी हात पसरून उभा होता. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या, आत्याच्या व्हॅनमध्ये बसल्या आणि काचेवरच्या धुक्यात आतून बोटाने भला मोठा ‘क’ काढला.

“बाबा, पडदा नको, आत जाणंही नको. बाहेरून एवढं अक्षर घालवा. गेलं, तर या व्हॅनबरोबर माझी गाडीही तुमची.”

बाबा म्हणाले की अक्षर म्हणजे जे नाश पावत नाही ते, त्याला कसं पुसणार? पण भाच्याचं लक्ष डॉक्टरीणबाईंच्या नव्या कोऱ्या गाडीकडे गेलं आणि त्याने मामांना पुढे ढकललं. बाबांनी फुंकर मारली, मंत्र म्हटला, मग दोन्ही हातांनी घासायला लागले. टोपी पडली, बाही फाटली. गर्दीतली पोरं शाळेच्या सुरात ‘क’ म्हणू लागली, मग मोठेही म्हणू लागले.

आत्या पुढे झाली. साध्या पाण्यात थोडं व्हिनेगर, एक स्वच्छ फडकं. आत बसून तिने दोनदा हात फिरवला, कोरड्या फडक्याने टिपलं. ‘क’ गेला, धुकंही गेलं. आरपार तिचं तोंड दिसलं आणि ती लहान मुलीसारखी हसत होती.

डॉक्टरीणबाईंनी मग दोन वाट्या दाखवल्या. एकीत रक्षातेल, दुसरी रिकामी, दोन्हींवर काचेचे तुकडे. आदल्या दिवशी दिवसभर गाडीच्या तापलेल्या टपावर ठेवलेल्या. रिकाम्या वाटीवरची काच स्वच्छ होती. तेलावरची दुधी झाली होती. त्या म्हणाल्या, “उन्हात तेलाची वाफ होते आणि काचेवर बसते. बाबा पडद्याआड आतून पुसतात, आणि जाताना पुढच्या वेळचं धुकं चोळून जातात.”

हशा असा उसळला की बाबा आणि भाचा केव्हा सटकले ते कळलंच नाही. पुढचे चार दिवस थांब्यावर व्हिनेगरचा वास मावत नव्हता.

सोमवारी सकाळी ऊन समोरून येत असतानाच आत्या व्हॅन घेऊन निघाली. वळणावर एक मुलगी चेंडूमागे रस्त्यात धावली. आत्याला ती लांबूनच दिसली. तिने आरामात गाडी थांबवली, मुलीने चेंडू उचलला आणि ती गेली. एवढंच घडलं, पण आत्याने ते मला तीनदा सांगितलं.

म्हणून माझं सांगणं एवढंच. पडदा मागणारा कोणीही भेटला तर त्याला म्हणा, उजेडात करून दाखव. विचारायला लाजू नका आणि स्वतः बोट फिरवून बघा. कारण फसवणाऱ्याचं जातं ते नाव, आणि आपलं गेलं असतं ते त्या वळणावरचं पोर.