धाकटीच्या वाट्याची काकडी

मी एक म्हातारी गिनीपिग आहे, मित्रांनो, आणि जे सांगणार आहे त्यात माझी काही शोभा नाही. तरी सांगते.

माझा जन्म एका दुकानातल्या काचेच्या पेटीत झाला. तिथून मला एका बुकबाइंडरने घरी आणलं. माणूस एकटा. पुढच्या खोलीत बसून तो फाटक्या पुस्तकांची शिवण उसवायचा, पुन्हा शिवायचा, पुठ्ठे चिकटवायचा. खळीचा वास, कागदाच्या कातरणाचं मऊ अंथरूण आणि दोन्ही वेळा काकडी, अशी माझी पाच वर्षं मजेत गेली. भाजीची पिशवी वाजली की मी शिट्टी घालायचे आणि तो म्हणायचा, "आलो, बाईसाहेब, आलो."

मग एका दुपारी त्याची मोठी बहीण आली. ती जनावरांच्या दवाखान्यात काम करते. तिच्या हातातल्या टोपलीत एक पांढरा-करडा गोळा थरथरत होता.

"कुणीतरी एका खोक्यात चौदा गिनीपिग कोंबले होते रे," ती म्हणाली. "बाकीच्यांना घरं मिळाली. ही लपून बसते, म्हणून हिला कुणी नेत नाही. महिनाभर ठेव."

"ठेवतो की, ताई. बाईसाहेबांना सोबत होईल."

मला कुणी विचारलं नाही. त्याने तिला धाकटी म्हणायला सुरुवात केली आणि एका दिवसात बाईसाहेबांची थोरली झाली.

धाकटी लाकडी घरात शिरली ती बाहेर येईचना. बुकबाइंडर शिवण अर्धवट टाकून जमिनीवर पालथा पडायचा आणि तिच्याशी हळू आवाजात बोलायचा. माझ्याशी तो असा कधी बोलला नव्हता. मला तशा बोलण्याची गरज पडली नव्हती हे खरं, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याचा हात तिच्याकडे वळला की मी कर्कश शिट्टी घालायचे. ती दचकून आत पळायची. तो तिच्या वाटीत काकडी ठेवून गेला की ती मी खायचे. पोट तट्ट भरलेलं असायचं, तरी खायचे. रिकामी वाटी बघून तो खूश व्हायचा.

"धाकटी खायला लागली बरं का," तो बहिणीला फोनवर सांगायचा.

तीन आठवड्यांनी बहिणीने आम्हाला तराजूवर ठेवलं. मी वाढले होते. धाकटीचा आकडा बघून तिने तिच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"हाडं लागताहेत. अरे, ही खातच नाहीये. सगळं थोरलीच्या पोटात जातंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. "चूक माझी," तो म्हणाला. "मी वाटी बघत होतो. हिला खाताना पाहिलंच नाही."

त्याने आमच्यामध्ये जाळी उभी केली, आणि बहीण धाकटीसाठी दुसरं घर शोधू लागली.

एक निवृत्त शिक्षिका आल्या. दुखऱ्या गुडघ्यांमुळे सावकाश खाली बसल्या, कोथिंबिरीची काडी शेजारी ठेवली आणि विणकाम काढलं.

"हाक मारू का तिला?" बुकबाइंडरने विचारलं.

"नको. तिला वाटेल तेव्हा येईल."

शिट्टी माझ्या गळ्यापर्यंत आली होती. मी ती गिळली. चांगुलपणा म्हणून नव्हे. ही धाकटी बया गेली की माणूस पुन्हा माझा, एवढंच माझ्या मनात होतं.

तासाभराने धाकटी बाहेर आली आणि काडी कुरतडू लागली. मित्रांनो, एका घरात राहून मी तिला पहिल्यांदाच खाताना पाहिलं. दोन घास खायची, थांबायची, कुणी हिसकावणार तर नाही ना म्हणून बघायची. ती बाईंकडे बघत नव्हती. जाळीतून माझ्याकडे बघत होती.

बाई धाकटीला घेऊन निघाल्या तेव्हा बुकबाइंडरने त्यांना पिशवीभर कातरण दिलं. "याचा वास तिच्या ओळखीचा आहे," तो म्हणाला. माझं अंथरूण चाललं, म्हणून तेव्हाही माझ्या पोटात दुखलंच.

आता काकडी सगळी माझी आहे. परवा बहीण सांगत होती की बाईंची चाहूल लागली की धाकटी शिट्टी घालते. माझ्यासमोर तिने कधी आवाज काढला नाही. आता मला त्या बाईंचाही हेवा वाटतो.

मित्रांनो, तुमच्या घरी नवा जीव आला तर जुन्यालाही त्याच्या आधीच्याच नावाने हाक मारत जा. पण वाट्या वेगळ्या ठेवा आणि दोघांचं खाणं होईपर्यंत तिथेच बसा. भित्र्याला वेळ लागतो. तेवढा वेळ माझ्यासारखीला धरून ठेवा.