शेवटचे दोन आकडे

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे, मित्रांनो. तुमच्या दप्तरात असते ती नव्हे, खांबाला ठोकतात ती. माझा एक कोपरा वाकला आहे आणि एक कड जळून काळी पडली आहे. सध्या मी एका खोपटाचे दार आहे. त्या खोपटाला दुसरे दार नाही, म्हणून मला टेकवून ठेवले आहे. आत-बाहेर करताना मला उचलून बाजूला ठेवावे लागते. एक कुत्रे दुपारी माझ्यावर पाठ खाजवते.

दार होण्यासाठी मात्र माझा जन्म झाला नव्हता.

मला एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने रंगवले. त्याच्या चष्म्याची काडी मोडली होती, तिथे त्याने दोरा गुंडाळला होता. आधी त्याने मला पिवळा रंग दिला, दोन दिवस उन्हात वाळू दिले आणि मग काळ्या रंगाने अक्षरे काढायला घेतली. लिहिताना त्याचे ओठ हलत. जणू प्रत्येक शब्द तो आधी तोंडात घोळवून पाहत होता आणि मगच ब्रश टेकवत होता.

"अहो, चहा गार होतोय," घरातून त्याची बायको ओरडली.

"थांब गं, हक्क लिहितोय. अर्धा सोडून कसा उठू?"

"हक्क राहतील दिवसभर. चहा नाही राहायचा."

तरी तो उठला नाही. त्याने माझ्यावर लिहिले: 'उचल घेतली म्हणून कोणालाही कामावर डांबून ठेवता येत नाही. तसे करणे गुन्हा आहे. अशी उचल कायद्याने रद्द झाली आहे. हवे तेथे जाण्याचा, हवे ते काम करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मदतीसाठी मजूर कार्यालयाशी बोला.' आणि खाली फोनचे दहा आकडे. शेवटच्या आकड्यावर त्याने हळूच फुंकर मारली, तुमची आई तुमच्या खरचटलेल्या गुडघ्यावर मारते तशी, आणि म्हणाला, "जा बाई, आता तू बोल."

मला केवढा अभिमान वाटला होता!

मग मी इथे आले, कोळशाच्या भट्ट्यांवर. इथे लाकडे गोल रचतात, त्यांवर पाला घालतात, पाल्यावर ओली माती लिंपतात आणि आतून पेटवतात. आठवडाभर ते ढिगारे नुसते धुमसत राहतात. धूर पांढरा असला की लाकूड अजून कच्चे, निळा आणि विरळ झाला की कोळसा तयार. मातीला भेग पडून आत वारा शिरला, तर सगळ्याची राख. म्हणून माणसे ढिगाऱ्यांभोवती फिरत राहतात, तान्ह्या बाळाच्या पाळण्याभोवती फिरावे तशी.

भट्टीवर माझ्यासारखी पाटी लावलीच पाहिजे, असा नियम आहे. मुकादमाने मला फाटकाच्या खांबाला ठोकले आणि तो हात झटकून निघून गेला. मी वाट पाहू लागले. माझ्यासमोरून रोज वीस-पंचवीस माणसे जात. कोणी माझ्याकडे पाहून थांबले, तरी ते डोक्यावरचा भारा सावरण्यासाठी. वाचता एकालाही येत नव्हते. मित्रांनो, पाटीला आवाज नसतो. तिचा आवाज वाचणाऱ्याच्या गळ्यात असतो, हे मला तेव्हा कळले.

त्या माणसांत एक आई होती आणि तिची नऊ वर्षांची लेक. मुलीच्या आजोबांनी केव्हातरी भट्टीच्या मालकाकडून उचल घेतली होती, म्हणजे मजुरीआधीच पैसे घेतले होते. आजोबा गेले, उचल मागे राहिली. मुलीचा बाप मालकाच्या रानात लाकूड तोडायला असे. पंधरा दिवसांतून एकदा यायचा, तोही खोकत. आणि इथे एक रीत होती. तिला सगळे 'मागे एक' म्हणत. बाजारात जा, दवाखान्यात जा, पण घरातले एक माणूस भट्टीवर मागे राहिले पाहिजे. आई बाहेर गेली की लेक मागे. त्यामुळे त्या मायलेकी फाटकाबाहेरच्या रस्त्यावर कधी एकत्र चालल्याच नव्हत्या. मुलीच्या आजीने, आईच्या आईने, नातीचे तोंडही पाहिले नव्हते. आजीचे गाव काही फार दूर नाही. बसने गेले तर सकाळी निघून जेवायला पोहोचता येते.

एकदा एक साहेब तपासणीला आले. त्या सकाळी मुकादमाने मला ओल्या फडक्याने पुसले. लहान मुलांना त्याने झाडीत पाठवून दिले. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत वाचले, माझा फोटो काढला आणि म्हणाले, "वा! अक्षर काय सुंदर आहे."

मुलीची आई दहा पावलांवर माती कालवत होती. साहेबांनी विचारले, "काय बाई, काही त्रास वगैरे?"

"त्रास कसला साहेब, घरच्यासारखं आहे सगळं," मुकादम म्हणाला.

साहेबांनी कागदावर खूण केली. पाटी आहे. मी होतेच. आईने हात थांबवून एकदा साहेबांकडे पाहिले आणि पुन्हा माती कालवू लागली. मला त्या दिवशी ओरडता आले असते तर!

नंतर एका वादळी दुपारी वाऱ्याने मला खांबावरून खाली पाडले. नेमकी त्याच वेळी एका ढिगाऱ्याला मोठी भेग पडली आणि आतून ज्वाळ वर आली. माती घालेपर्यंत सगळे जळून जाणार होते. नुकसान झाले तर ते उचलीत चढते, हे आईला ठाऊक होते. ती धावली. हाताला पहिली लागली ती मी. तिने मला उचलले आणि अक्षरांची बाजू खाली करून त्या भेगेवर घातले, वरून मातीचे गोळे थापले. भट्टी वाचली. मुकादमसुद्धा म्हणाला, "शाबास, बाईला डोकं आहे."

गार झाल्यावर मला काढले, तेव्हा माझी उजवी कड जळाली होती आणि तिच्यासोबत फोनचे शेवटचे दोन आकडेही. खांबाला ठोकायच्या लायकीची मी उरले नाही. आईने मुकादमाला विचारून मला खोपटाला लावले. तिच्यावर मी कसा राग धरू? जळताना मला तिचे हात दिसत होते. तेही भाजत होते.

पुढे कोळसा न्यायला येणारा एक ट्रकवाला पोती भरेपर्यंत माझ्यासमोर विडी ओढत बसायचा. एकदा तो सहज मोठ्याने वाचू लागला. मुलगी जवळ आली.

"काका, हे काय म्हणताय?"

"मी कुठं म्हणतोय? ही पाटी म्हणतेय. 'हवे तेथे जाण्याचा हक्क...'"

"कोणाला?"

ट्रकवाल्याने मागे वळून पाहिले आणि आवाज खाली आणला. "तुला. तुझ्या आईला. पण मी वाचून दाखवलं असं कोणाला सांगशील तर माझी फेरी जाईल, बाळा. मलाही घरी तीन तोंडं आहेत."

"मग तुम्हीच करा ना फोन!"

"शेवटचे दोन आकडे उडालेत बघ," तो म्हणाला. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखे काहीतरी होते. मला ते आवडले नाही. पण पुढच्या चार फेऱ्यांत त्याने तिला आकडे आणि निम्मी मुळाक्षरे शिकवली, हेही खरे. मग त्याची फेरी बदलली.

कोळशाला इथे तोटा नव्हता. मुलगी माझ्या पाठीवर कोळशाने आकडे गिरवू लागली. मग तिने ते आईला शिकवले.

"सात असा नाही गं आई, तुझा सात झोपलाय!"

"दिवसभर उभा होता बिचारा, झोपू दे की," आई म्हणाली, आणि दोघी हसल्या. मी त्यांच्यामध्ये उभी होते. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली संध्याकाळ.

मुलीने युक्ती काढली. आठ आकडे माहीत आहेत, दोन नाहीत. मग शून्य-शून्यपासून नव्व्याण्णवपर्यंत एकेक करून पाहायचे. आठवड्याच्या बाजाराला आई जाई. मुकादम बाहेर मोटरसायकलवर बसे आणि आई दुकानात मीठ-तेल घेई. दुकानदाराच्या फोनवरून बहिणीशी बोलायचे आहे असे सांगून ती दोन फोन करी. आकडे तळहातावर कोळशाने लिहिलेले असत. घामाने पुसू नयेत म्हणून ती वाटभर तो हात पसरून धरी, तोंडसुद्धा दुसऱ्या हाताने पुसे. दुकानदार ऐकत असायचा, म्हणून ती फक्त "मी बोलतेय" एवढेच म्हणे आणि पलीकडून काय येते ते ऐके.

घरी आली की माझ्याशेजारी बसून ती सांगायची. "आज एक शिंपी लागला. म्हणतो, ब्लाउज उद्या देतो, रोज रोज फोन नका करू."

"आणि दुसरा?"

"एक आजोबा होते. राँग नंबर म्हणाले, पण ठेवेचनात. जेवलीस का विचारलं."

मुलगी माझ्या पाठीवर प्रत्येक चुकीच्या नंबराची एक रेघ ओढी. पाच महिने गेले. तेवढ्यात आजीचा निरोप आला, की तब्येत बरी नाही, एकदा नातीला दाखव.

त्यानंतरच्या बाजाराहून आई जवळजवळ पळतच आली. तिने मला बाजूला केले, आत शिरली आणि मुलीचे दोन्ही खांदे धरले. "एक्केचाळीस! 'मजूर कार्यालय' म्हणाले गं! 'साहेब जेवायला गेलेत, तासाभरानं करा' म्हणाले. तासभर कशी थांबू मी? पण पुढच्या आठवड्याला नक्की. आपण दोघी जाऊ आजीकडे. दोघी, एका बसनं."

मुलीने माझ्या पाठीवर मोठे एक्केचाळीस काढले आणि त्याभोवती गोल केला.

दुकानदार वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. त्याला फक्त गप्पांची हौस होती. त्याने एकदा आईला चिडवले होते, "वहिनी, बहिणी किती हो तुम्हाला? दर वेळी नवा नंबर!" आणि आई म्हणाली होती, "एकच आहे हो भाऊ, पण नवऱ्याशी भांडली की सिमकार्ड बदलते." त्याला ते इतके आवडले की हसत हसत त्याने ते मुकादमाला सांगितले.

मुकादम खोपटापाशी आला. ओरडला नाही. "बहीण बरी आहे ना?" त्याने विचारले. आई चुलीत लाकूड सारत राहिली. "उद्यापासून बाजार मी आणतो. काय हवं ते सांगायचं." मग त्याने मला फिरवून माझी पाठ पाहिली. "हे काय गं पोरी?"

"उजळणी."

"छान आहे," तो म्हणाला आणि पोत्याच्या तुकड्याने सगळे पुसून टाकले. रेघा, गोल, एक्केचाळीस.

याला आता तिसरा महिना चालू आहे. मुलगी रोज सकाळी उठल्याबरोबर माझ्या पाठीवर तो नंबर लिहिते, पूर्ण, दहाच्या दहा आकडे. एकदा आईला वाचायला लावते. मुकादमाच्या मोटरसायकलचा आवाज आला की तळहाताने पुसते. नंबर आम्हा तिघींनाही पाठ आहे. फोन मात्र बाजारात आहे, आणि बाजार फाटकाच्या पलीकडे. आजीचा पुन्हा निरोप आला नाही. आई म्हणते, निरोप नाही म्हणजे ती बरी असेल. मुलगी हो म्हणते.

माझ्यावर तर अजूनही स्पष्ट लिहिलेले आहे: हवे तेथे जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. ते वाक्य घेऊन मी दार अडवून उभी असते. याहून लाजिरवाणे काम पाटीला कोणते?

मित्रांनो, तुम्हाला वाचता येते. रस्त्यात माझ्यासारखी एखादी पाटी दिसली, तर नुसते सुंदर अक्षर पाहून पुढे जाऊ नका. मोठ्याने वाचा, शेजारी वाचता न येणारे कोणी उभे असेल. आणि कधी तुमच्या घरचा फोन वाजला, पलीकडे एक बाई फक्त "मी बोलतेय" म्हणून गप्प झाली, तर राँग नंबर म्हणून लगेच ठेवू नका. तिला विचारा, बाई, कुठून बोलता?

आणि तुमच्यापैकी कोणाचे बाबा किंवा आई त्या कार्यालयात साहेब असतील, तर त्यांना माझा निरोप द्या. एका दुपारी एक फोन आला होता. तो पुन्हा येणार नाही. आता तुम्हीच या. येताना पाटी पाहायला येऊ नका, पाटीमागे कोण राहते ते पाहा. जेवण तर केव्हाच झाले असेल.