दिवसाची झोप

ती शहरातली बस चालवायची आणि तो इस्पितळात रात्रपाळीचा नर्स होता. पहाटे तो जिना चढून यायचा तेव्हा ती बूट घालून दारात तयार असायची. "चिमणी रात्री थोडी खोकली, आता झोपलीय," एवढं सांगून ती निघायची. दुपारी ती परतली की लेकीला तिच्या हवाली करून तो आडवा व्हायचा, तो थेट संध्याकाळी कामावर जायलाच उठायचा. शेजारच्या काकू म्हणायच्या, "तुमचा संसार आहे की ड्यूटी बदलणं?" दोघंही हसायची. लेक चिमणी तीन वर्षांची होत आली होती.

एका सकाळी चिमणी ठोकळे रचत होती आणि तो भिंतीला टेकून बसला होता. डोळा कधी लागला, कळलंच नाही. काकूंच्या हाकेने तो जागा झाला. चिमणी स्टुलावर चढून कडी काढून बाहेर गेली होती आणि बापाचे बूट घालून जिन्यात बसली होती. काकूंनीच तिला उचलून आणलं.

दुपारी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कडी वर बसवून घेऊ."

"कडीचं काय घेऊन बसलीस? मला झोप लागली होती."

तिने त्याचं अंथरूण घातलं.

नोकरी करणाऱ्या आईबापांच्या पाळणाघराच्या खर्चातला बराच वाटा सरकार उचलतं, हे त्याला वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरनी सांगितलं. पण तो कचरत होता. बायकोला म्हणाला, "आपण दोघं कमावतो. सरकारपुढे हात कशाला पसरायचा?"

"माझ्या बसच्या रस्त्यात खड्डा पडला की सरकारच बुजवतं ना? तेव्हा लाज वाटते का तुला?" ती म्हणाली आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच कचेरीत गेली.

खिडकीपलीकडच्या बाईंनी कागद चाळले. "तुमचे मिस्टर सकाळी घरीच असतात की. मग पाळणाघर कशाला?"

"घरी असतात, पण रात्रभर जागून आलेले. त्यांनी झोपायचं कधी?"

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "असा अर्ज माझ्याकडे पहिल्यांदाच आलाय. बसा, साहेबांना विचारून येते." बऱ्याच वेळाने त्या परत आल्या. "रात्रपाळी असल्याचं इस्पितळाकडून लिहून आणा. मग होईल."

काम झालं, पण वेळ लागला. तोवर काकूंनी सकाळची चिमणी सांभाळली आणि आपल्या जावयाबद्दलच्या तक्रारी तिलाच ऐकवल्या.

पाळणाघरात पहिल्या दिवशी चिमणीने मागे वळूनही पाहिलं नाही. तोच फाटकाशी रेंगाळला, तेव्हा तिथल्या ताई म्हणाल्या, "दादा, जा आता, झोपा."

दुपारी बायको घरी आली तेव्हा तो उठून, दाढी करून बसला होता. दोघं समोरासमोर जेवायला बसली आणि काय बोलावं तेच सुचेना. त्याने नळ गळतोय म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "हो, बरेच दिवस झाले." मग तो तिच्याकडे बघत राहिला. "कानामागे केस पिकलेत तुझे. कधी?"

"गेल्या वर्षी," ती म्हणाली. "तू झोपला होतास." आणि तिला हसू आवरेना. तोही हसला, मग म्हणाला, "सांगायचं तरी."

"केस पिकल्याची काय दवंडी पिटायची?"

चिमणीला आणायला दोघं मिळून गेली. तिने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण चाललंय?"

"कोणी नाही," आई म्हणाली.

चिमणीचा विश्वास बसला नसावा. तिने दोघांचीही बोटं धरली आणि बाजारातून भाजी घेईपर्यंत सोडली नाहीत. संध्याकाळी तो नेहमीसारखा कामावर गेला. त्या रात्री वॉर्डात सिस्टरनी विचारलं, "आज तरतरीत दिसतोस, काय विशेष?"

"जेवलो," तो म्हणाला, "घरी, बायकोबरोबर."