वेणीतले तीन महिने

आमच्या अंगणातल्या हातपंपाचं पाणी पिऊन शेजाऱ्यांचं म्हातारं मांजर तरुण झालं आणि कुत्र्यांच्या मागे लागलं, हे मी बारा वर्षं सांगत आलो. लोक हसायचे आणि कळशी भरून न्यायचे. पंप मीच हौसेने बसवून घेतला होता. आमची ही म्हणायची, "अहो, थापा मारा, पण पाणी सांडू नका."

ती जाऊन आठ महिने झाले. आधी तळहात खरखरीत झाले, मग त्यांवर काळे डाग, मग पोटातलं दुखणं. डॉक्टरांनी रोगाची नावं पुष्कळ सांगितली, कारण एकही नाही.

मग माती तपासणाऱ्या बाई आल्या. जमिनीतलं काय काय माणसाच्या अंगात उतरतं, ते शोधणं हे त्यांचं काम. त्यांनी माती घेतली, पाणी घेतलं, परसातली पालकाची जुडी घेतली. मग म्हणाल्या, "आजोबा, आजींचे केस आहेत का? फणीतले वगैरे?"

"अख्खी वेणी आहे. उशीखाली असते, मी घोरलो की टोचते."

बाई हसल्या नाहीत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणाल्या. त्या महिन्यात अंगात काय गेलं, ते त्यात राहून जातं. दवाखान्यात हिला विंचरणं सोसेना, म्हणून लेकीने वेणी मुळाशी कापून तिथे लाल दोरा बांधला होता. म्हणजे अलीकडचं टोक कुठलं, तेही पक्कं.

"पण तुकडे करून आम्लात विरघळवावे लागतील. परत मिळणार नाहीत."

हिचं म्हणावं असं तेवढंच माझ्याजवळ उरलं होतं. दोन दिवस काढले आणि वेणी देऊन आलो. ती कशाने गेली, ते मला कळायला हवं होतं.

महिन्याने प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर कागद, त्यावर एक वाकडी रेघ.

"पाण्यात आर्सेनिक आहे. खोल मातीतूनच येतं, कुणी घातलेलं नाही. पालकातही उतरलंय."

"मग मी कसा धडधाकट?"

"दिवसभर कुठे असायचात?"

गोदामावर पहाऱ्याला. पाणी तिथल्या नळाचं.

बाईंनी रेघेवर बोट ठेवलं. "हे तीन सेंटिमीटर जवळजवळ स्वच्छ आहेत. या तीन महिन्यांत आजी कुठे होत्या?"

"लेकीकडे. तिच्या बाळंतपणाला."

"परत का आल्या?"

"माझा पाय मोडला होता." तोंडाला सवय. बाईंनी लिहून घेतलं.

पाय मोडला नव्हता. लेक तिला आणखी सहा महिने ठेवून घेणार होती. 'तळहात जरा मऊ पडलेत,' असं हीच फोनवर म्हणाली होती. पण मला इकडे घर खायला उठलं. डावा पाय मोडला म्हणून फोन केला आणि कंपाउंडरला पटवून प्लॅस्टर घालून घेतलं, तेही नेमकं उजव्याला. तिने दारातच पायाकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि हसत हसत उंबऱ्यावर बसली.

"अहो, ये म्हणायचं की सरळ. पाणी द्या आधी, घसा सुकलाय."

मी लंगडत जाऊन पंपावरून तांब्या भरून आणला.

प्रयोगशाळेचा जिना उतरलो आणि पुन्हा चढलो.

"बाई, ते पायाचं खोडा. थाप मारून बोलावलं तिला. तिकडेच राहिली असती तर जगली असती?"

बाईंनी रेघेचा कागद पुन्हा पुढे ओढला. "दुखणं जुनं होतं, आजोबा. नक्की कुणालाच सांगता येणार नाही."

"एखादी थाप मारायची होती, बाई."

त्यांनी ओळ खोडली. "मग काय लिहू?"

"लिहा, नवऱ्याने बोलावलं."

संध्याकाळी शेजारीण कळशी घेऊन आली. पाण्यात विष आहे म्हटलं, तर हसली. "आजोबा, मांजराची गोष्ट यापेक्षा बरी होती."

मी पंपाचा दांडा काढला आणि मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसून राहिलो.