भिंतीवरचे दहा आकडे

मी एक मोबाईल नंबर बोलतोय. माझे दहाच्या दहा आकडे मात्र तुम्हाला सांगणार नाही. आधीच ते नको तितक्या ठिकाणी लिहिलेले आहेत, आणि त्यामुळेच माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

आम्हा नंबरांना जन्मतःच जागा ठरवून दिलेली असते. सगळ्यांच्या पुढे देशाचा एक्क्याण्णव. त्यानंतरच्या पहिल्या आकड्यावरून कळतं, हा मोबाईल की घरातला फोन. नवानं सुरू होणारे आम्ही आधी आलो. आम्ही पुरेनासे झालो तेव्हा आठ, सात आणि मग सहाची पाळी आली. माझे सुरुवातीचे चार आकडे सांगतात की मला मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्रासाठी आणि गोव्यासाठी काढलं होतं. घरातल्या फोनचं वेगळं. सोलापूरचा कोड शून्य दोनशे सतरा, त्यापुढे सात आकडे. माढ्याचा कोड एका आकड्यानं लांब, म्हणून तिथला नंबर एका आकड्यानं आखूड. पुढचं शून्य सोडलं तर बेरीज सगळीकडे दहाच. इतकी चोख व्यवस्था! पण कुठला नंबर कुणाच्या जिवाशी बांधला जाईल, ते कुठल्याच यादीत नसतं.

माझा पहिला मालक धोंडिराम. मोडनिंबचा, वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन माणसं नेणारी, जीप चालवणारा. मोडनिंब ते माढा अशा त्याच्या खेपा असायच्या. एकदा वाटेत एका माणसाला साप चावला. धोंडिरामानं भरलेली जीप रिकामी केली आणि त्याला दवाखान्यात पोचवलं. तेव्हापासून त्यानं एक ठरवलं. गेरूचा डबा घेतला आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर नऊ भिंतींवर स्वतःच्या हातानं लिहिलं : ‘पेशंटसाठी गाडी. कधीही फोन करा. धोंडिराम.’ आणि त्याखाली मी.

मी वाजलो की तो ताटावरून उठायचा. त्याची बायको मीनाबाई अंगणवाडीत मदतनीस. ती नुसतं म्हणायची, “भाकरी फडक्यात बांधून देऊ का?” तो चपला घालता घालता म्हणायचा, “दे की.” अशी पंधरा वर्षं गेली. त्या दोघांपेक्षा मीच जास्त थकलो असेन, पण तो थकवा बरा होता.

मग एका दुपारी धोंडिराम जीप पुसता पुसता खाली बसला, तो उठलाच नाही. जीप विकली गेली. मीनाबाईंनी त्याचा फोन बंद करून, रुमालात गुंडाळून पेटीत ठेवला. त्यांना वाटलं, नवऱ्याचा नंबर जपून ठेवला.

पण नंबर असा पेटीत राहत नाही. वापर थांबला, तसा काही महिन्यांनी कंपनीनं मला काढून घेतलं. त्यानंतर निदान नव्वद दिवस मला कुणालाही द्यायचं नाही, असा नियम. ते दिवस मी कुणाचाच नव्हतो. कुणी मला लावलं की एक गोड आवाज सांगायचा, ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही.’ स्वतःबद्दल हे ऐकत राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू? मी होतो. नऊ भिंतींवर होतो.

मग मला अंकितानं घेतलं. ही सोलापूरची, शुक्रवार पेठेतली. झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायच्या दुकानात काम करायची आणि स्वतः नोकरभरतीच्या परीक्षा द्यायची. लक्षात राहायला सोपा, म्हणून यादीतून तिनं मला निवडलं आणि पहिल्याच आठवड्यात चार परीक्षांच्या फॉर्मवर भरलं.

दुसऱ्या आठवड्यापासून फोन सुरू झाले.

“धोंडिरामदादा हायत का?”

“राँग नंबर.”

“आवो, गाडी पायजे हुती...”

“राँग नंबर म्हटलं ना!”

कधी शांत बसून अभ्यास करायचा म्हटलं की मी वाजायचो. ती वैतागायची. नंबर बदलावा तर फॉर्म अडकलेले. तिची चिडचिड मला कळत होती. पण वाजणं काही माझ्या हातात नव्हतं.

एका मंगळवारी दुपारी दुकानात फॉर्मची शेवटची तारीख म्हणून ही गर्दी. मी वाजलो. पलीकडे महिपती, मोडनिंबजवळच्या वस्तीवरचे शेतकरी. “धोंडिराम, लवकर ये—” एवढंच ते बोलले. अंकितानं फोन ठेवला. पुन्हा वाजलो; तिनं नाव न ऐकताच तोडला. माझी नुसती तगमग. त्या आवाजातली घाई मला पंधरा वर्षांच्या सवयीनं ओळखू येत होती, आणि मला शब्द नव्हता.

तिसऱ्यांदा बाईचा आवाज आला. महिपतींची बायको, मथुराबाई.

“बाई, फोन ठिवू नगा. सून अडलीया. सकाळधरनं कळा हायत, आता डोळं पांढरं करायला लागलीय. गाडी धाडा.”

अंकिताचा हात कीबोर्डवर थांबला. “काकू, मी सोलापुरात आहे. माझ्याकडे गाडी नाही.”

“मग ह्यो नंबर भितीवर कशाला लिवलाय?”

 अंकितानं मला कानाला तसंच धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं दुकानातला फोन ओढला. त्या फोनवरून मला लावायचं तर आधी शून्य लागतं, परगावी लावायचं तर कोड लागतो. तिनं दाबले फक्त तीन आकडे. एक, शून्य, आठ. संकटातल्या माणसाला दहा आकडे आठवत नाहीत, म्हणून हे एवढेसे नंबर वेगळे राखून ठेवलेले असतात. आम्ही दहा आकडी त्यांच्याकडे जरा आदरानंच बघतो.

“तालुका माढा. मोडनिंबजवळ... काकू, वस्ती कुठली? ओळखायची खूण सांगा!”

“कॅनॉलच्या कडंला, पिठाच्या गिरणीपासनं आत.”

एका फोनवर ऐकलेलं दुसऱ्यात सांगत ती उभी राहिली.  गाडी निघाल्याचं कळलं तरी तिनं मला ठेवलं नाही. “काकू, मी आहे. बोलत राहा. तिचं नाव काय?”

“भुवनेश्वरी.”

“तिला म्हणावं, गाडी निघाली.”

शेवटी पलीकडून सायरन ऐकू आला, मग फोन कुठेतरी खाली पडला असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपतींचा फोन आला. “मुलगी झाली, ताई. दोघीबी बऱ्या हायत. डाक्टर म्हनले, अजून जरा उशीर झाला असता तर अवघड हुतं.”

“बरं झालं, काका,” अंकिता म्हणाली. मग तिनं कालच्या फोनांची यादी उघडली. त्यांचा पहिला फोन आणि तिसरा फोन यांत सोळा मिनिटं होती.  त्या दिवशी तिनं डबा उघडलाच नाही.

रविवारी ती एसटीनं मोडनिंबला गेली. महिपतींनी तिला मीनाबाईंच्या घरी नेलं; धोंडिराम गेल्याचं त्यांनाही आत्ताच चौकशी करताना कळलं होतं.

“जय भीम, या,” म्हणत मीनाबाईंनी पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग त्या हळूच म्हणाल्या, “मानूस गेलं तरी नंबर ऱ्हातो, असं वाटलं मला. त्यांचा नंबर दुसऱ्याला देत्यात व्हय?”

“देतात, काकू. मला माहीत नव्हतं कुणाचा होता ते.”

मीनाबाईंनी पेटीतला फोन काढून दाखवला, पुन्हा रुमालात बांधला. “मला ठावं असतं तर तवाच भिती पुसल्या असत्या. चला.”

चुना आणि ब्रश घेऊन तिघं निघाली. महिपतींच्या मोटारसायकलवर, आळीपाळीनं खेपा करत. एकेका भिंतीवरून मी जात होतो आणि माझ्या जागी तीन मोठे आकडे येत होते : १०८. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण प्रत्येक भिंतीबरोबर छातीवरचा एक दगड उतरल्यासारखंही झालं. शेवटच्या भिंतीपाशी अंकितानं ब्रश पुढे केला तेव्हा मीनाबाई म्हणाल्या, “हितलं मीच पुसते.” त्यांनी मला आधी पुसलं. धोंडिराम हे नाव मात्र तसंच ठेवलं. “नावानं कुनी फसत न्हाय,” म्हणाल्या.

निघताना त्यांनी आपला छोटा फोन अंकिताच्या हातात दिला. त्यात मी अजून ‘मालक’ म्हणून होतो.

“नाव बदलू, काकू?”

“बदल की. पर नंबर पुसू नगं.”

आता भिंतींवरचे फोन जवळजवळ थांबलेत. तरीही मी स्वस्थ नाही. माझ्यासारखे कितीतरी नंबर रोज एका हातातून दुसऱ्या हातात जातात, आणि पलीकडच्याला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हात जोडून सांगतो : घरातलं माणूस गेलं तर त्याचा नंबर कुठे कुठे दिलाय ते आठवा, तिथे कळवा. आणि चुकीचा फोन आला तर ठेवण्याआधी एकदा विचारा, काय झालंय. एवढ्यानं तुमचं काही जाणार नाही.

अंकिताची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. मीनाबाई आठवड्यातून दोनदा मला लावतात, अंकिताशी बोलायला. काल त्या सांगत होत्या, “भुवनेश्वरी आज पोरीला वजनाला घिऊन आलीया अंगनवाडीत. काट्यावर ठिवली की लई रडती, बया.”

पुस्तक मिटून अंकिता हसली. “रडू दे की, काकू. इकडे ऐकू येतंय का बघू, फोन जरा तिच्याजवळ न्या.”