ढोलीपाशी बास

नदीचं पाणी चढून सायप्रसच्या झाडांच्या रानात शिरलं की एर्लीन बापाला होडीत बसवायची आणि दोघं बास मासे धरायला निघायची. आई गेल्यापासून दर वसंतात हेच. यंदा मात्र म्हाताऱ्या बापाने, ओव्हीदने, कंबर दुखतेय म्हणून सारखं टाळलं.

मग धाकटी बहीण रोना फोनवर बोलून गेली, "अगं, पापा आणि वेड रविवारी टोपलीभर बास घेऊन आले!"

वेड म्हणजे रोनाचा नवरा. टेक्ससचा. लग्न अजून जुनं झालं नव्हतं.

"कुठे मिळाले?"

"ढोलीपाशी म्हणे."

वीज पडून पोकळ झालेल्या त्या सायप्रसची जागा ओव्हीदने एर्लीनशिवाय कुणाला, अगदी सख्ख्या भावालाही दाखवली नव्हती. एर्लीनचा नुसता जळफळाट झाला.

पुढच्या रविवारी ती उजाडताच एकटी ढोलीपाशी गेली. गळ टाकलाच नाही. होडीची मोटार पूर्ण वेगात सोडून झाडाभोवती गरागरा फिरली. तळाचा चिखल वर आला, बगळे ओरडत उडाले, मासे पार पांगले. मग फांद्यांवरून लोंबणाऱ्या शेवाळाआड होडी घालून ती वाट बघत बसली. मनातून बरं वाटत होतं.

ते आले.

"पाणी गढूळ झालंय, पापा," वेड म्हणाला.

पापा! तिच्या बापाला!

"कुणीतरी गाढव येऊन गेलंय," ओव्हीद म्हणाला. त्याने गळाच्या दोरीला कडीवालं नकली आमिष बांधायला घेतलं. बोटं थरथरत होती. दोरी काही केल्या कडीतून जाईना. आमिष खाली पडलं, उचललं, पुन्हा पडलं. वेडने ते घेतलं आणि बांधून दिलं.

"नाताळपासून बांधून देतोयस, पण एर्लीनला सांगायचं नाही हं," ओव्हीद म्हणाला.

"कळेलच की तिला कधीतरी."

"तेव्हाचं तेव्हा. तिला कळलं तर होडीत पाय ठेवू द्यायची नाही. चमच्याने भरवत बसेल."

एर्लीनची होडी खुंटावर आपटली. दोघांनी वळून पाहिलं.

"हा चिखल तू केलास होय गं?" बाप म्हणाला. "लाज नाही वाटली?"

"तुम्हाला वाटली? परक्याला ढोली दाखवताना?"

वेड उठला. "एर्लीन, तू इथे बस. मी तुझी होडी नेतो."

"तू बस रे," ओव्हीद म्हणाला. "ती जाईल घरी."

ती गेली. वाटेत रडली, पण बापाच्या हातांसाठी थोडं आणि रागानेच जास्त. ते हातसुद्धा त्या टेक्ससवाल्याने तिच्याआधी पाहिले होते. नाताळपासून तो आमिष बांधून देत होता आणि तिला पत्ताही नव्हता.

आठवडाभर ती बापाशी बोलली नाही. शनिवारी ओव्हीद स्वतःच तिच्या दारात आला.

"उद्या येतेस? त्याच्या होडीत तिघं मावतात."

"तुमचा लाडका आहे ना बांधायला?"

"आहे. तरी विचारतोय."

ती गेली, तोंड फुगवूनच. ढोलीपाशी पोचल्यावर ओव्हीदने सवयीने दोरी आणि आमिष वेडपुढे धरलं. एर्लीनने मान फिरवली. वेडने ते तिच्या मांडीवर ठेवलं.

तिने एक गाठ मारली, वर दुसरी, मग तिसरी. वेड बघतोय हे माहीत असल्यामुळे दातांनीही आवळली.

ओव्हीदने ती गाठ चाचपली आणि हसायला लागला. "अगं, मासा धरायचाय, बैल नाही!"

"टाका मुकाट्याने," एर्लीन म्हणाली आणि वेडकडे न बघता दुसरं आमिष हातात घेतलं.