धुक्यात गप्प राहिलेली घंटा

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी घंटा. देवळातली नाही हं, लढाईच्या जहाजावरची. आता अमेरिकेत श्रूजबरीला, पोलिश लोकांच्या हॉलच्या दारात टांगलेली असते.

माझं जहाज एस्कॉर्ट डिस्ट्रॉयर होतं. म्हणजे मालवाहू जहाजांच्या सोबतीला जायचं, पाणबुड्या हुडकायच्या, वेळ आली तर मध्ये पडायचं. दुसरं महायुद्ध चालू होतं. पोलंड शत्रूने गिळलेला, म्हणून जहाज इंग्लंडमध्ये बांधलेलं आणि खलाशी पोलंडचे. मला वाजवायचं काम स्तेफानकडे. धुकं पडलं की तो मला वाजवायचा. मग बाकीच्यांना कळायचं, आम्ही इथे आहोत.

एका सकाळी असंच दाट धुकं होतं. पाणबुडीने आमच्या सोबतचं एक जहाज बुडवलं. स्तेफानचा धाकटा भाऊ काझिक त्याच जहाजावर. माणसं होड्यांत उतरली. हाका यायला लागल्या. त्यांना दिशा कळायला मी वाजायला हवं होतं. स्तेफानने हात घातलासुद्धा.

कॅप्टन म्हणाले, "नको. पाणबुडी वर आलीय, इथेच कुठेतरी आहे. आवाज झाला तर सगळेच जाऊ."

स्तेफानने माझा लोलक मुठीत धरून ठेवला. हाका जवळ आल्या. मग लांब गेल्या. धुकं उठलं तेव्हा एकही होडी दिसली नाही.

बाकीची जहाजं सुखरूप पोचली. बंदरात आमचं खूप कौतुक झालं. स्तेफान खाली उतरलाच नाही.

युद्ध संपलं. जहाज मोडीत गेलं. स्तेफान मला घेऊन इकडे आला आणि या हॉलची देखभाल करू लागला. दर रविवारी मला पुसायचा, अगदी चकचकीत. वाजवू मात्र कोणालाच द्यायचा नाही.

२००४ साली मराठी मंडळाने गणपतीसाठी हॉल घेतला. रिटायर्ड डॉक्टर मोरेश्वरकाका दारात चपला काढून आत आले, घंटा दिसली, हात गेला. ठण्ण!

"अहो!" त्यांच्या पत्नी पद्मिनीकाकू ओरडल्या. "देऊळ आहे का हे? दिसली घंटा की लगेच..."

"हाताची सवय गं. कळलंच नाही."

तेवढ्यात स्तेफान काठी टेकत आला. लालबुंद. मला दोन्ही हातांनी गच्च धरलं आणि इंग्लिशमध्ये ओरडला, "निघा! कॅन्सल! हॉल मिळणार नाही! कोणी सांगितलं हात लावायला?"

"व्हेरी सॉरी," काका म्हणाले. "आमच्यात आत येताना वाजवतात. देवाला सांगायला, की मी आलोय."

स्तेफान बघतच राहिला. मग खुर्चीवर बसला आणि काझिकचं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "मलापण त्याला एवढंच सांगायचं होतं. की आम्ही आलोय."

पोरांनी हातातल्या झांजा खाली ठेवल्या. काका त्याच्या पायाशी फरशीवरच बसले.

काकू हळूच म्हणाल्या, "मग आता सांगा ना त्याला. आम्ही थांबतो. आरतीला उशीर झाला तर झाला."

स्तेफान उठला. मला वाजवलं, आणि थांबून कान दिला. पुन्हा वाजवलं. पुन्हा कान दिला. बाहेर नुसता पार्किंग लॉट होता, तरी तिकडेच बघत होता.

मित्रांनो, माझ्यावर कोणी कधी धूळ बसू दिली नाही. पण नुसतं पुसून होत नाही, यार. तुमच्या ओळखीत कोणी एखादी जुनी वस्तू जपत असेल, तर त्यांना एकदा विचारा, कोणासाठी जपताय. ते जे नाव घेतील ते लक्षात ठेवा.

माझ्याकडचं नाव काझिक. एकोणीस वर्षांचा होता.